किरकोळ कागदांची टोपली

आमच्या घरी दर रविवारी इतिहास यायचा, पोहे खायचा आणि जाताना पान लावून घ्यायचा. मी त्याला इतक्या जवळून पाहिलंय की अजूनही कुणी वारशाबद्दल गळा काढून बोलायला लागलं की मला आधी चिरलेल्या कांद्याचा वास येतो. साताऱ्यातलं आमचं घर राजवाड्यापासून हाकेच्या अंतरावर, आणि घराच्या पुढच्या खोलीत मंडळ. मंडळाचं पूर्ण नाव एवढं लांबलचक होतं की ते पाटीच्या दोन ओळींत बसेना, म्हणून अण्णांनी रंगाऱ्याकडून पाटी तीनदा बदलून घेतली होती. मी नुसतं मंडळच म्हणते, त्याला तेवढं पुरे. जिल्ह्याचा वारसा जतन करायचा असा या लोकांचा पण होता. जतन काय केलं होतं म्हणाल, तर दोन कपाटं, एक गंजकी तलवार, फुटका हुक्का आणि चार तोफगोळे. या तोफगोळ्यांवर मंडळात दोन निबंध वाचले गेले होते. मग एकदा शेजारच्या तालमीतले वस्ताद गणपतीची वर्गणी मागायला आले, त्यांनी त्यातला एक गोळा सहज उचलून पाहिला आणि म्हणाले, "ह्यो आमचा गोटा हाय की! पोरं खांद्यावर घिऊन बैठका मारायची. हितं कसा आला म्हनायचा?" वस्तादांना चहा पाजून वाटेला लावलं. गोळा तिथंच राहिला, निबंधही तसेच राहिले.

मंडळाचे अध्यक्ष रावसाहेब म्हणजे निवृत्त मामलेदार. सगळी हयात माणसांना पुढ्यात उभं करून बोलण्यात गेलेली, त्यामुळे शेजारी बसलेल्या माणसाशी कसं बोलतात हे त्यांना ठाऊकच नव्हतं. बाकी दोन वकील, एक वैद्य, आणि ज्यांना घरी कुणी काडीची किंमत देत नव्हतं असे दोघे. आमचे अण्णा चिटणीस. हायस्कुलात संस्कृत शिकवायचे, स्वभावानं गरीब, आणि रावसाहेबांपुढं तर अगदी गोगलगाय. चिटणीस म्हणजे पत्रं त्यांनी लिहायची, सतरंजी त्यांनी झटकायची आणि शेवटी आभार त्यांनी मानायचे. पोहे अर्थातच आईनं करायचे. युद्धामुळं साखर रेशनवर गेली होती, मग चहा गुळाचा व्हायचा. त्याला रावसाहेब दर रविवारी नाक मुरडायचे आणि दर रविवारी दोन कप प्यायचे. सांगलीला असंच दुसरं एक मंडळ होतं. ते आणि आमचं, यांच्यात कुठल्याशा पत्राच्या तिथीवरून दोन वर्षं हाणामारी चालली होती. खेड्याखेड्यांतली पोरं पलटणीत जाऊन परमुलुखात मरत होती, चळवळीतली पोरं उसाच्या फडांत लपलेली, त्यांच्या मागं पोलीस, आणि आमच्या पुढच्या खोलीत सात शहाणे एका तिथीसाठी घसा कोरडा करत बसलेले. आई पोह्यांवर खोबरं घालता घालता म्हणायची, "तिथी कळली म्हणजे काय, श्राद्ध घालणार आहेत की काय मेले?"

मी तेव्हा मॅट्रिक होऊन घरात बसले होते. रंग सावळा, डोळ्यांवर चष्मा, त्यामुळं लग्न जमत नव्हतं. अण्णांची नजर अधू होत चालली होती आणि मंडळाला मोडी वाचणारा माणूस हवा होता, फुकटचा. म्हणून अण्णांनी मला मोडी शिकवली. मला ती पटकन आली. त्या गोलगोल, एकमेकांत गुंतलेल्या अक्षरांतून एखादं वाक्य सुटं होऊन समोर उभं राहिलं की मला इतका आनंद व्हायचा की काय सांगू! पण मंडळाच्या एकाही कागदावर माझं नाव नाही. 'चिटणीसांच्या घरच्या साहाय्याने' असं एकदा छापलं होतं. त्यात मी आणि पोहे, दोन्ही आलो.

कागद मिळवायची त्यांची पद्धत अशी. सुटीच्या दिवशी तिघे-चौघे कुठल्यातरी गावी जायचे, जुन्या पाटलाच्या किंवा देशमुखाच्या घरी उतरायचे, पुरणपोळीवर ताव मारायचा आणि मग विषय काढायचा. घरात जुने कागद रुमालात बांधून माळ्यावर किंवा देव्हाऱ्यामागं ठेवलेले असत. रावसाहेब खाकरून सांगायचे, "हे इथं वाळवी खाईल. आमच्याकडं सुरक्षित राहील. सरकारी काम आहे असं समजा." सरकारी म्हटल्यावर कोण नाही म्हणतो? अण्णा पोच लिहून द्यायचे: रुमाल एक, तांबडा, कागद अंदाजे अमुक. खाली मंडळाचा शिक्का. घरधनी ती पोच दोन्ही हातांनी घ्यायचा.

मग रविवारी त्या रुमालांची निवड. मी खाली बसून एकेक कागद उलगडायचा आणि वरच्या दोन ओळी मोठ्यानं वाचायच्या. त्यात एखादा छत्रपती, पेशवा, निदान एखादा नावाजलेला सरदार निघाला तर सगळे पुढं सरसावायचे. 'राजकीय!' म्हणून रावसाहेब पुकारा करायचे आणि कागद कपाटात जायचा. कुणी मल्हारजी, कुणी बाळोजी, कुणाच्या लेकीची बोळवण, कुणाच्या बांधाचं भांडण असं निघालं, की रावसाहेब सुपारी चघळत म्हणायचे, 'किरकोळ!' शंभरातले नव्वद कागद किरकोळ असत. एवढ्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या पेरलं, भांडणं केली, लेकी दिल्या, विहिरी खणल्या, ते सगळं एका सुपारीच्या खांडात निकालात निघायचं. मला तेव्हाच चीड यायची. पण मी वाचत राहिले, हेही खरं.

आता या किरकोळांचं करायचं काय? परत नेऊन द्यायचे तर पुन्हा बैलगाडीनं हाडं खिळखिळी करून घ्या, शिवाय गाववाले म्हणणार, टाकाऊ होते तर नेले कशाला. जाळायला अण्णा तयार नव्हते. कागदावर अक्षर आहे, अक्षर म्हणजे सरस्वती, तिला अग्नी द्यायचा नाही. रद्दीत घालायचे तर वाणी पुडी बांधणार, पुडी रस्त्यावर पडणार, तिला पाय लागणार. यावर मंडळात खरोखर चर्चा झाली हो! आणि तोडगा असा निघाला की कागद चिटणीसांच्या घरात द्यावेत, तिथं बायका टोपल्या करतील. म्हणजे सरस्वतीला जाळायचं नाही, तिला पाय लावायचा नाही, तिला उखळात घालून कुटायचं. हा तोडगा सुचल्याबद्दल वैद्यबुवांचे आभार मानले गेले.

त्या काळी घरोघरी बायका कागदाच्या टोपल्या करत. कागद फाडून तीन-चार दिवस घंगाळात भिजत घालायचे, पिळायचे, मग भिजवलेल्या मेथ्या घालून उखळात कुटायचे. मेथ्यांनी लगदा चिकट होतो आणि कीड लागत नाही. मग घागर पालथी घालायची, तिच्या बुडावर लगदा थापायचा, हातानं गुळगुळीत करायचा आणि चार-पाच दिवस कडक उन्हात ठेवायचा. आईचा यात हात धरणारी आळीत कुणी नव्हती. ती म्हणायची, वर्तमानपत्राचा लगदा चिंधीसारखा होतो, पण हे जुने हातकागद लोण्यासारखे कुटले जातात. दुपारी जेवणं उरकली की परसात आम्ही दोघी आलटून पालटून मुसळ घालायचो. कोरडं धान्य कुटताना खणखणीत आवाज येतो, याचा दबका यायचा, थप्प थप्प. शाईनं लगदा निळसर करडा व्हायचा आणि हाताला मेथ्यांचा कडवट वास आठवडाभर राहायचा. आमच्या घरात उडदाची डाळ, शेंगा, लसूण, वाळवलेल्या मिरच्या, सगळं त्या टोपल्यांत असे. शेजारणी मागून न्यायच्या.

गोजाबाईंचा रुमाल आला तो उन्हाळ्यात. कोरेगावच्या पलीकडं वसना नदीच्या काठी त्यांचं गाव. गावाचं नाव सांगत नाही, तिथं त्यांची माणसं आहेत. नवरा वारलेला, एकुलता मुलगा पलटणीत, पत्र आलं तर सहा महिन्यांनी. घरी दोन बैल, थोडी जमीन, तीत ऊस, आणि चुलत दिराच्या वाटणीला लागून सामाईक विहीर. त्यांच्या रुमालात 'राजकीय' एकही कागद निघाला नाही, म्हणून रावसाहेब वैतागले होते. शेवटचा कागद मी उघडला तो विहिरीच्या वाटणीचा. थोरल्या पातीला, म्हणजे दिराच्या शाखेला, चार दिवस, धाकट्या पातीला, म्हणजे गोजाबाईंच्या, तीन. पुढची ओळ मला गमतीची वाटली म्हणून मी न विचारता वाचली: "पुनवेस मोट न जुंपावी, पालथी घालावी. ते दिवसाचें पाणी गुराढोरांस व वाटसरूंस मोकळें." रावसाहेब एवढे हसले की त्यांना ठसका लागला. "मोट पालथी घाला! वा रे इतिहास! किरकोळ!" सगळे हसले, अण्णाही हसले. तेव्हापासून तो मंडळाचा विनोदच होऊन बसला. चहा संपला की रावसाहेब कप बशीत उपडा घालायचे आणि म्हणायचे, "मोट पालथी!" मग बाकीचे सहा जण आपापले कप उपडे घालून तेच म्हणायचे. सहा महिने हा एकच विनोद. दुसरा करायची अक्कल कुणाला होती!

दिवाळीनंतर एका सकाळी गोजाबाई आमच्या दारात आल्या. उंच, काळ्याशार, नऊवारीचा ओचा खोचलेला, पायांत वहाणा नाहीत. मंडळाची पोच त्यांनी पोराच्या पलटणीतल्या बिस्किटांच्या डब्यात जपून आणली होती. ओट्यावर बसून त्यांनी सरळ मुद्द्याला हात घातला. "आवं आन्नासाहेब, माजा रुमाल द्या. गुळाला भाव आलाय तसं दिराचं डोळं फिरल्यात. म्हनतो, हीर माजी एकट्याची, तुजी पाळी दावनारा कागद आसंल तर दाव. पोरगा हाय तिकडं रंगूनच्या वाटंवर. ऊस वाळाय लागलाय माजा."

अण्णांचा चेहरा मी बघत होते. त्यांना आठवलं होतं, शंकाच नको. आदल्याच रविवारी त्यांनी कप पालथा घातला होता. ते म्हणाले, "बाई, मंडळाकडं हजारो कागद आहेत. शोध चालू आहे. पुढच्या महिन्यात या." गोजाबाई गेल्या, पुढच्या महिन्यात आल्या. पुन्हा तेच. अण्णांनी रावसाहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "दोनचार फेऱ्या मारू दे, कंटाळेल आपोआप." तिसऱ्या खेपेला गोजाबाईंनी उसाची एक कांडी आणली होती. पानं पिवळी, कांडं बोटाएवढं. अण्णांपुढं ठेवून म्हणाल्या, "ह्ये बगा. आता तुमीच सांगा म्हैना कवा संपतो तुमचा." अण्णा शाळेची वेळ झाली म्हणून उठले. लाज वाटली मला त्यांची. आज एवढी वर्षं झाली, ते गेले, मी त्यांच्या वयाच्या पुढं गेले, तरी ती पगडी सावरत ओट्याच्या पायऱ्या उतरणारी पाठ आठवली की मला लाजच वाटते.

मी गोजाबाईंना परसात नेलं आणि सांगून टाकलं. कागद आला, मी वाचला, किरकोळ ठरला, आणि याच उखळात मी माझ्या हातानं कुटला. गोजाबाई त्या उखळाकडं बघत राहिल्या. मला वाटलं आता शिव्या देतील, आणि मला त्या हव्याही होत्या. पण त्या एवढंच म्हणाल्या, "वाळवी खाईल म्हनालं हुतं की गं मोठं सायेब. सात पिढ्या वाळवीनं खाल्ला न्हाई." मग विचारलं, "कुटून काय केलं?" त्यांच्या रुमालाची आईनं एकच मोठी टोपली केली होती, घंगाळावर घातलेली, तिच्यात उडदाची डाळ होती. आई दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती आत गेली, डाळ परातीत ओतली, टोपली पदरानं पुसली आणि गोजाबाईंच्या हातात दिली. "घेऊन जा बाई. मेथ्या तेवढ्या माझ्या, बाकी सगळं तुमचंच आहे." तिनं अण्णांना न विचारता घरातली वस्तू कुणाला दिल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं.

आठ दिवसांनी गोजाबाईंच्या गावाहून दोन तरणे गडी आले. त्या वर्षांत त्या भागातली भांडणं कोर्टात फारशी जातच नव्हती, चळवळीच्या जोरावर गावातच पंच बसत आणि निकाल लावत. गडी म्हणाले, पंचांनी बोलावलंय, पोचेवर सही करणाऱ्यानं यायचं आणि कागद वाचणाऱ्या ताईनं पण यायचं. त्यांचा बोलण्याचा ढंग असा होता की रावसाहेबांची मामलेदारी कुठल्या कुठं पळाली. आपल्याला अचानक संधिवात झाल्याचं त्यांनी कळवलं आणि अण्णांना एक वाक्य लिहून पाठवलं: 'मंडळाच्या दप्तरी सदर वर्णनाचा कागद नाही.' खरंच आहे की! दप्तरी नव्हताच, उडदाखाली होता. एवढी वर्षं सरकारची नोकरी करून माणूस काय शिकतो, तर असलं वाक्य.

कोरेगावपर्यंत आम्ही कोळशावर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीनं गेलो. चढ आला की उतरून चालावं लागे. एका चढावर अण्णा माझ्या शेजारी चालता चालता म्हणाले, "इंदू, तुला विचारलं तर आठवत नाही म्हण. पुढच्या वर्षी मंडळाला इमारतीसाठी जागा मिळायची आहे. बोभाटा झाला तर सगळं फिसकटेल." मी म्हटलं, "आणि त्यांचा ऊस?" ते म्हणाले, "एका उसाकडं बघून जिल्ह्याच्या इतिहासाचं नुकसान करायचं का?" मी पुढं चालत राहिले. त्यांना ते होकारासारखं वाटलं असावं.

चावडीपुढच्या पिंपळाच्या पारावर पंच बसले होते. मुख्य पंच एक सुभेदार, पहिल्या लढाईतले पेन्शनर, मिशा पांढऱ्या, अंगात कोट, हातात वेताची छडी. समोर अर्धं गाव. गोजाबाई एका बाजूला, डोक्यावरची पाटी पुढ्यात ठेवून बसलेल्या, पाटीवर फडकं. दुसऱ्या बाजूला दीर रंगराव, गुबगुबीत माणूस, तोंडात सुपारी. रंगराव मध्येच काही बोलायला लागला तर सुभेदार गरजले, "रंगराव, तू गप ऱ्हा! आर्डर मिळाल्याबिगर बोलायचं न्हाई." मग अण्णांकडं वळले. "मास्तर, ही सही तुमची?"

"माझीच."

"मग कागद कुठं हाय?"

अण्णांनी खिशातून चिठी काढली, चष्मा लावला आणि ते वाक्य वाचलं. 'मंडळाच्या दप्तरी सदर वर्णनाचा कागद नाही.' वर्गात सुभाषित म्हणावं तसं स्वच्छ उच्चारात वाचलं. रंगराव हसला. म्हणाला, "झालं? शिकल्याली मान्सं सांगत्यात. कागदच नव्हता कवा."

तेव्हा गोजाबाई उठल्या. पाटीवरचं फडकं काढून त्यांनी टोपली उचलली आणि पारावर, पंचांच्या पुढ्यात नेऊन ठेवली. "ह्यो माजा कागद," म्हणाल्या. लोक फिदीफिदी हसायला लागले. मी अण्णांकडं पाहिलं. बायकोच्या हातची टोपली त्यांनी ओळखली होती आणि त्यांचं तोंड उतरलं होतं. गोजाबाई हसणाऱ्यांकडं वळून म्हणाल्या, "हसा. ह्या मान्सांनी माजा कागद मेथ्या घालून कुटला आन् त्याची ही दुरडी केली. ताई, सांग बाय तू. तुज्याच तोंडानं सांग."

मी उभी राहिले. एवढ्या पुरुषांपुढं मी कधी बोलले नव्हते. अण्णा हळूच म्हणाले, "इंदू." एकदाच. मी त्यांच्याकडं पाहिलं नाही. टोपलीकडं बघत मी तो कागद म्हटला, वाचताना म्हणायचे तसाच, हेल काढून. थोरले पातीस चार दिवस, धाकटे पातीस तीन. रंगराव ओरडला, "पढवून आनलीय पोरगी! ह्ये कुनी बी म्हनंल!" मी थांबले नाही. "पुनवेस मोट न जुंपावी, पालथी घालावी. ते दिवसाचें पाणी गुराढोरांस व वाटसरूंस मोकळें."

लोक एकमेकांकडं बघायला लागले. मला कळेना काय झालं. रंगरावाची सुपारी चघळायची थांबली होती. मग मागून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, "आरं, पुनवंला मोट पालथी घालत्यात त्या हिरीवर. माजा आजा बी सांगायचा. का घालत्यात ते कुनाला ठावं न्हवतं." दुसरा म्हणाला, "आमी म्हनायचो पान्यातल्या आसरांचा वार आसतो." सुभेदारांनी छडीनं मला खुणावलं. "पोरी, तू ह्या गावात कवा आलीयास?"

"आजच."

"ती हीर बगितलीस?"

"नाही. आणि माझ्यावर विश्वास नसेल तर आमच्या अण्णांना विचारा," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, मला आवरेना. "दर रविवारी चहा पिऊन झाल्यावर कप उपडा घालताना ते काय म्हणतात, ते विचारा."

सुभेदारांनी अण्णांना विचारलं. नुसतं विचारलं, दरडावलं नाही. अण्णांनी हातातली चिठी घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घडी घातली. त्या घटकेला ते एवढंसं बोलले असते, हो, कागद होता, तरी मी त्यांना सगळं माफ केलं असतं. ते आपल्या वहाणांकडं बघत बसून राहिले. पण आता त्यांची कुणाला गरजही उरली नव्हती. सुभेदार म्हणाले, "चार दिवस रंगराव, तीन दिवस गोजाबाई. पुनव मोकळी. उद्यापास्नं तीन दिवस पानी गोजाबाईचं. रंगराव, डिसमिस!" गोजाबाईंनी टोपली उचलली, कपाळाला लावली आणि माझ्याकडं आल्या. मला वाटलं जवळ घेतील. त्यांनी माझे हात हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाल्या, "गेला न्हाई अजून मेथ्यांचा." बस्स, एवढंच. मग त्या बैलांची सोय बघायला गेल्या.

 पुढच्या रविवारी मंडळाच्या वृत्तान्तात 'चिटणीसांच्या कन्येच्या अप्रस्तुत वर्तनाबद्दल' खेद नोंदवला गेला, आणि तो नोंदवला अण्णांनीच, स्वतःच्या सुंदर अक्षरात. माझं मोडीवाचन बंद झालं. किरकोळ कागद मात्र बंद झाले नाहीत, पण आईनं उखळ उपडं घातलं आणि म्हणाली, माझे हात दुखतात. नंतर त्या कागदांचं त्यांनी काय केलं ते मला माहीत नाही, कदाचित सरस्वतीला नदीत सोडलं असेल. वर्षभरात माझं लग्न जमलं, सांगलीला. आणि नशीब बघा माझं, सासरे तिथल्या मंडळाचे सभासद निघाले, तेच ते तिथीवाले! मला मोडी येते हे सासरे जाईपर्यंत मी त्या घरात कुणाला कळू दिलं नाही. पुढच्या खोलीत ते एखाद्या कागदाशी तासन् तास झटापट करत बसायचे आणि मी आत भाकरी थापत असायचे. दया येत नव्हती असं नाही, पण फार नाही.

आता मी सांगलीतच विश्रामबागेत मुलाकडं असते. गेल्या महिन्यात साताऱ्याच्या मंडळाची दोन तरुण मुलं मला भेटायला आली. नम्र, गळ्यात कॅमेरा. मंडळाला आता स्वतःची इमारत आहे, तीत काचेची कपाटं आहेत, दारात अण्णांचा फोटो आहे. तोफगोळे अजून चारच आहेत का असं मी विचारलं, तर चारच आहेत म्हणाली. त्यांना 'लोकजीवन' असं नवं दालन काढायचं होतं. गावोगाव फिरताना त्यांना कोरेगावच्या पलीकडं एका घरात कागदाच्या लगद्याची मोठी जुनी टोपली दिसली होती. शेंगा ठेवतात तीत, आणि दर पुनवेला धुऊन पुसून देवापुढं ठेवतात. हात लावून पाहिली तर कडांना अजून निळसर झाक. अशी वस्तू खेड्यात कशी टिकणार, घूस लागेल, आमच्याकडं सुरक्षित राहील, असं त्यांनी त्या घरच्या सुनेला समजावलं होतं. रीतसर पोचही लिहून देतो म्हणाली होती. पण बाई हटेना. आता मला म्हणत होती, तुमच्या वडिलांचं त्या गावी येणंजाणं होतं असं जुन्या वृत्तान्तात दिसतं, तेव्हा तुम्ही चार शब्दांची चिठी द्या, म्हणजे त्या देतील.

"काय म्हणाली सून?" मी विचारलं.

मुलगा जरा ओशाळला. "त्या म्हणाल्या, ही दुरडी न्हवं, आमच्या हिरीचा कागद हाय. आन् कागद मंडळाला द्यायचा न्हाई, आसं आमच्या आजेसासूनं सांगून ठिवलंय."

मी इतकी हसले की माझ्या सुनेला वाटलं मला काही झालं, ती आतून धावत आली. चिठी अर्थातच दिली नाही. चहा दिला, बिनसाखरेचा, मला डॉक्टरांनी बंद केलीय. सुनेनं पोह्यांचं विचारलं तर मी नको म्हणून सांगितलं.